मदत हवी आहे: शाखेतून एसएसएच सेशन मध्येच गोठतं

शाखेतून मुख्य ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) केलं की सेशन गोठतं. एंटर दाबा, हूं की चूं नाही. थोड्या वेळाने तुटतंच. आधी संशय फायरवॉलच्या आयडल टाइमआउटवर (शांत पडलेलं कनेक्शन तोडण्याच्या मुदतीवर) होता. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारा संदेश) मुळात 7200 सेकंदांनी जागा होतो, म्हणून क्लायंटवर सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल (एसएसएचचा स्वतःचा असाच संदेश किती सेकंदांनी पाठवायचा ते) 60 ठेवला. नुसतं उघडं सेशन आता टिकतं. पण मोठ्या लॉगवर कॅट मारला (अख्खी फाइल स्क्रीनवर ओतली) की पुन्हा तेच! साधा पिंग मात्र व्यवस्थित चालू. वायफाय नाही, केबलच आहे. मध्ये आयपीसेक व्हीपीएन (दोन ऑफिसांमधला एन्क्रिप्टेड बोगदा). टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं सेशन चालू ठेवणारा प्रोग्राम) वापरतो, पण ती मलमपट्टी. सर्व्हरवर रूट (पूर्ण अधिकार) आहे, फायरवॉल मात्र नेटवर्क टीमकडे, आणि पुराव्याशिवाय ते हात लावणार नाहीत. छोटं जातं, मोठं अडतं, म्हणून आता संशय एमटीयूवर (एका पॅकेटच्या कमाल आकारावर). एमटीयूचाच घोळ आहे हे डीएफ बिट (पॅकेटचे तुकडे करू नका ही खूण) लावून पिंगचा साइझ वाढवत नेल्याने सिद्ध होईल, की दोन्ही टोकांना टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट्स टिपणारं साधन) लावावाच लागेल?