पडलेली ओवळं वेचली तर बागेचं काय बिघडतं?

अबोली
रविवारी संध्याकाळी सहा वर्षांच्या लेकीला घेऊन पणजीतल्या एका बागेत गेले होते. कडेला ओवळाचं मोठं झाड आहे (घाटावरचे लोक बकुळ म्हणतात). खाली फुलांचा सडा. ती वाकून एकेक फूल फ्रॉकच्या ओच्यात घेत होती. पंधरा-वीस झाली असतील, तेवढ्यात शिट्टी वाजली. "बाय, तणार पांय दवरूं नाकात." (बाई, गवतावर पाय ठेवू नका.) लेकीने दचकून ओचा सोडला. सगळी फुलं परत गवतात.

रखवालदारावर माझा राग नाही, त्याला जे सांगितलंय ते तो करतो. पण मुलांना एका कोपऱ्यात रबरी चटईवर सोडायचं, तिथे प्लास्टिकची घसरगुंडी आणि दोन झोके द्यायचे, बाकीची बाग फक्त लांबून बघायची, हे मला पटत नाही. एप्रिलमध्ये चार वाजता त्या चटईवर हात ठेवून बघा. अनवाणी उभं राहवत नाही. आणि दहा पावलांवर गार सावली असते, तिथे जायला मनाई. मुलांना झाडापर्यंत जाऊ द्या, एवढंच म्हणणं आहे.

मळेवाला
अबोलीताई, तुमच्या मुलीचं वाईट वाटलं. तरी नियम चुकीचा नाही. मी बावीस वर्षं बागांच्या देखभालीत काढली आहेत. आपल्याकडे खाली जांभा दगड, त्यावर चार-सहा बोटं माती पसरून हिरवळ लावलेली असते. रोज पाय पडले की ती माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. आधी पिवळा पट्टा दिसतो, मग पायवाट पडते, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथली माती गटारात जाते. पुन्हा लावायचं म्हणजे महिना-दीड महिना दोरी बांधून राखण. फेब्रुवारीपासून मेपर्यंत पाणी घालणारी दोन माणसं, बाग केवढी!

एक मूल फुलं वेचतं तेव्हा काही होत नाही. रविवारी तिथे दीडशे मुलं असतात. आणि खाली पडलेली वेचता वेचता फांदी वाकवायला वेळ लागत नाही. अबोलीच्या फुलांचे वाफे मुळासकट उपटलेले मी पाहिले आहेत, आई-बाप शेजारीच उभे होते.

चोडणकार
मुळात गोव्यात राहून मुलांना बागेत कशाला न्यायचं? ती हिरवळ म्हणजे अंथरलेला गालिचा. रायबंदरहून फेरीत बसा, पलीकडे चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे लहान मूलही चालतं. ओहोटीला खारफुटीच्या मुळांत निवटे (चिखलातले छोटे मासे) उड्या मारताना दिसतात, कुर्ल्या (खेकडे) बिळात पळतात. अर्धा दिवस हाती असेल तर बोंडल्याच्या अभयारण्यात जा (गुरुवारी बंद असतं). कुणाच्या ना कुणाच्या मामाचं कुळागर (माडा-पोफळीची बाग) असतंच. आमची मुलं कधी बागेत गेली नाहीत, काही अडलं नाही.

दुसरा मजला
चोडणकार, तुमचं काही अडलं नाही कारण तुमच्या दारात अंगण आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो. मी साडेपाचला सुटते, पाळणाघरातून मुलाला घेते, घरी पोचेपर्यंत सहा. फ्लॅटखाली फक्त गाड्या. उजेड उरतो तासभर. त्या तासात बाग आठ मिनिटांच्या चालीवर आहे, फेरी नाही. माझं माहेर सावंतवाडीचं, नवऱ्याचं घर बेळगावला. इथे आमच्या कुणाच्याच मामाचं कुळागर नाही. चोडण आम्ही वर्षातून दोनदा करतो आणि मुलाला ते खूप आवडतं. पण मूल रोज वाढतं, वर्षातून दोनदा नाही. बाग मागणाऱ्याला "गावात जागा आहे" म्हणून गप्प करू नका. हेच ऐकून ऐकून शहरातल्या मोकळ्या जागा गेल्या.

नानी
माझं वय एकाहत्तर. संध्याकाळी बागेत चार फेऱ्या मारते, डॉक्टरांनी सांगितलंय. गेल्या वर्षी रबरी चेंडू पाठीत बसला, आठवडाभर वाकता येत नव्हतं. मुलांना रागावले तर त्यांचे वडील माझ्यावरच धावून आले. चेंडू आणि सायकली बागेत नकोतच, त्यासाठी मैदान आहे. फुलं वेचण्याला माझी ना नाही. आम्ही लहानपणी पहाटे उठून ओवळं वेचायचो, केळीच्या सालीच्या दोऱ्यात ओवायचो. सुकली तरी वास जात नाही, कपाटात कपड्यांत ठेवायचो.

माट्टी
पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्याचं नाव दिलं होतं तो गार्सिया द ओर्ता पोर्तुगीज वैद्य होता. आंबा, फणस, सुपारी, मिरी यांबद्दल त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ साली इथे गोव्यातच छापलं गेलं. तो झाडं जवळून बघत होता, इथल्या वैद्यांना विचारत होता. झाड असंच कळतं. मी शाळेत शिकवतो. माट्टी हा आपला राज्यवृक्ष, हे पाठ करून चौथीतली मुलं सांगतात. पण सालीवर हात फिरवला की "सर, मगरीच्या पाठीसारखी आहे" हे ती स्वतः सांगतात, आणि मग विसरत नाहीत. मळेवाल्याकाकांचा माती घट्ट होण्याचा मुद्दा मान्य. तरी मुलांपेक्षा गवत मोठं ठरवणं मला मान्य नाही.

मळेवाला
सर, गवत मोठं म्हणत नाही. गवत मेलं की त्या जागी लाद्या बसवतात, हे मी पाहिलंय. मग मुलांनाही नाही आणि झाडांनाही नाही. म्हणून मी भांडतो.

अबोली
काका, लाद्यांचं मला सुचलं नव्हतं. ते खरंच वाईट. मग असं करता येईल का: हिरवळीचे दोन भाग करायचे, एक मोकळा, एक दोरी बांधून विश्रांतीला, दोन-तीन महिन्यांनी अदलाबदल?

चोडणकार
दोरीला कोण जुमानणार?

मळेवाला
उघड्या हिरवळीवर जमेल, पण पावसाळ्यात नाही. तेव्हा माती लिबलिबीत असते, पाय रुततो. दसऱ्यानंतर सुरू करावं लागेल आणि पाणी घालायला माणूस वाढवावा लागेल. निवेदन द्याल तर या दोन अटी त्यात घाला, मी सही करीन.

ओवळाखालचं मात्र वेगळं. तिथे सावली इतकी दाट की गवत नीट धरतच नाही. दरवर्षी लावतात, दरवर्षी विरळ होतं. तिथली हिरवळ सोडून द्यावी, पाला पडू द्यावा आणि मुलांना खुशाल बसू द्यावं. हे मी नोकरीत असतानाही लिहून दिलं होतं.

आणि ताई, ओवळं रात्री फुलतात, पहाटे गळतात. संध्याकाळी तुम्हाला उरलीसुरली मिळाली. झाडू मारायच्या आधी, सकाळी साडेसहाच्या आत तिला घेऊन या. पायवाटेवरच ओंजळभर मिळतील, गवतात जावंच लागणार नाही.