अनुभव धागा: इलेक्ट्रिक गाडी घ्यायला गेलात तेव्हा समोरच्याला ती विकायची होती का?

गोदाकाठ
गेल्या दिवाळीपासून आम्ही गाडी बघतोय आणि मला इलेक्ट्रिकच घ्यायची आहे. रोजचं नाशिकरोड ते सातपूर, घराला स्वतःचं पार्किंग, गच्चीवर सोलर, म्हणजे आमच्याइतकं सोयीचं गिऱ्हाईक शोधून सापडणार नाही. तीन शोरूम झाले. पहिल्यात गाडी होती पण मागच्या अंगाला, सर्व्हिसला आलेल्या गाड्यांच्या रांगेत, बोनेटवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ, आणि रिमोटने दार उघडेना कारण दार-स्क्रीन चालवणारी वेगळी लहान १२ व्होल्टची बॅटरीसुद्धा उतरलेली. पोराने किल्ली घालून दार उघडलं, आत स्क्रीन काळी. टेस्ट ड्राइव्ह म्हटलं तर "मॅडम चार्ज नाहीये, सोमवारी या". सोमवारी गेले तर परत तेच. दुसरीकडे मी विचारलं घरच्या प्लगवर किती तास लागतात, तर त्या मुलाने माझ्यासमोर फोन काढून शोधलं. तिसऱ्याने सरळच सांगितलं की पेट्रोल घ्या, आठवड्यात दारात, इलेक्ट्रिकचं बेस मॉडेल येतच नाही, वरचं घ्यावं लागेल. जाहिरातीत मोठ्या अक्षरात किंमत मात्र त्या बेस मॉडेलचीच.

कोणी गाडी कुलपात ठेवलीये असं मी म्हणत नाही. पण विकायची मनापासून इच्छा नसेल तर ती गिऱ्हाइकाला कळते, आणि मला ती तीनही ठिकाणी कळली. पेपरात वाचलेलं नको, स्वतः पाहिलेलं लिहा. शोरूम, वर्कशॉप, कारखाना, परदेश, कुठलंही चालेल. कंपन्यांचा काही दोष नाही असा अनुभव असेल तर तोही नक्की लिहा.

काउंटरवाला
ताई, मी चार वर्षं सेल्सला होतो (कुठे ते नको), आता इन्शुरन्समध्ये आहे. त्या मुलांवर रागावू नका. महिन्याचं टार्गेट गाड्यांच्या आकड्यावर असतं. पेट्रोलवालं गिऱ्हाईक दोन भेटीत टोकन देतं, इलेक्ट्रिकवालं पाच-सहा वेळा येतं, मग सोसायटीची परवानगी, मग मीटरचा लोड वाढवायचा अर्ज, मग घरातलं कोणीतरी म्हणतं वाटेत बंद पडली तर काय, आणि तेवढ्यात मी तीन पेट्रोल काढलेल्या असायच्या. इन्सेंटिव्ह दोन्हीला सारखाच.

मालकाचं गणित अजून वेगळं. नव्या गाडीवर डीलरला फारसं सुटत नाही, आमच्याकडे घर चालायचं ते वर्कशॉपवर. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, पुढे क्लचप्लेट. इलेक्ट्रिकला यातलं काहीच नाही, एसीचा फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट बघायचं, टायर पुढचे मागे करायचे, झालं. आमचे वर्कशॉप मॅनेजर जॉबकार्ड हातात घेऊन म्हणायचे, हिचं बिल लावू तरी कशाचं.

"विकू नका" असं मला कोणी कधीच सांगितलं नाही, हे शपथेवर सांगतो. पण डेमो गाडी चार्ज करणं हे काम कोणाच्याच नावावर नव्हतं. आमच्याकडे रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले काका आठवण झाली तर वायर लावायचे. काका सुट्टीवर असले की गाडी झोपलेली.

रंकाळा
गाडी २०२० ची, आजवर १ लाख १० हजार किलोमीटर झाले. घरी साधा १५ अँपिअरचा प्लग, रात्री लावायची सकाळी काढायची. लाईटबिल महिन्याला दीड-पावणेदोन हजाराने वाढलं आणि आधी पेट्रोलला आठ-नऊ हजार जायचे. रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या वर ४१ टक्के होते आणि खाली साखरप्यात बघतो तर ४४, उतारावर गाडी स्वतःच बॅटरी भरते हे माहिती होतं पण डोळ्यांनी बघितलं तेव्हा बायकोला उठवून दाखवलं.

तक्रार गाडीची नाहीच, तक्रार मागे उभं राहणाऱ्यांची आहे. चार्जिंग पोर्टमधला एक सेन्सर गेला. हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग झालेला एकच टेक्निशियन, तो लग्नाला गावी गेलेला, दुसऱ्या कोणाला हात लावायची परवानगी नाही. अकरा दिवस गाडी तिथे उभी. एवढी महाग गाडी विकता आणि दुसरा माणूस तयार करत नाही, याला काय म्हणायचं? त्या अकरा दिवसांत ओळखीच्या दोघांनी माझं बघून पेट्रोल बुक केली, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

सॅनहोजेकर
मी १९९७ ला इकडे आलो. एकदा एका सहकाऱ्याबरोबर जनरल मोटर्सच्या ईव्ही-वनमध्ये बसलो होतो. दोन सीटची, पाण्याच्या थेंबासारखी. चार्जिंगला पिनांचा प्लग नव्हता, टेबल टेनिसच्या बॅटसारखा प्लास्टिकचा चपटा तुकडा गाडीच्या नाकात सरकवायचा. सिग्नलला उभी असताना काही म्हणजे काही आवाज नाही, मला वाटलं बंद पडली, आणि हिरवा झाल्यावर पाठ सीटला चिकटली. ही गोष्ट जवळजवळ तीस वर्षांपूर्वीची.

मागची हकिकत अशी. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाने नियम केला की मोठ्या कंपन्यांच्या विक्रीत १९९८ पर्यंत २ टक्के आणि २००३ पर्यंत १० टक्के गाड्या अजिबात धूर न सोडणाऱ्या पाहिजेत. त्या दबावाखाली १९९६ च्या शेवटी ही गाडी रस्त्यावर आली. साधारण ११०० बनल्या, सगळ्या लीजवर, सर्वसामान्य गिऱ्हाइकाला एकही विकली नाही. मग कंपन्यांनी धरून धरून नियम सैल करून घेतला, शेवटी कोर्टातही गेल्या, आणि २००३ ला नियम पुरता मवाळ झाला, त्याच सुमारास गाड्या परत मागवल्या. लोक म्हणत होते पैसे घ्या, पुढची जबाबदारी आमची, पण गाडी राहू द्या. २००५ ला लॉस एंजेलिसजवळ बरबँकला, जिथे परत घेतलेल्या गाड्या उभ्या होत्या, तिथे लोक रात्रंदिवस पहारा देत बसले होते. तरी बहुतेक गाड्या चेपून भंगारात गेल्या, थोड्या म्युझियम आणि कॉलेजांना दिल्या त्याही बहुतेक चालू होणार नाहीत अशा करून. कंपनीचं म्हणणं होतं की मागणी नाही, आणि पुढे पार्ट पुरवता येणार नाहीत. त्यातलं पार्टचं मी समजू शकतो. पण तेव्हाचे कंपनीप्रमुख रिक वॅगनर यांनी २००६ मध्ये स्वतःच हा कार्यक्रम गुंडाळणं ही आपली मोठी चूक म्हणून कबूल केली होती, त्यामुळे "मागणी नाही" हे वाक्य पुन्हा कुठल्याही कंपनीकडून ऐकलं की मला ती नि:शब्द गाडी आठवते.

जयनगर_बेंगळुरू
यात आपल्या रेवाचं, भारतात बनलेल्या त्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीचं, नाव यायला हवं. २००१ ला इथे बेंगळुरूत आली, लंडनमध्ये जी-विझ नावाने धावली. माझ्या मामांकडे होती, दोन दारांची, सीटखाली शिशाच्या आठ बॅटऱ्या, त्यात महिन्यातून डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम माझ्याकडे. ती कोणा मोठ्या कार कंपनीने बनवलेली नव्हती हे मला महत्त्वाचं वाटतं. २०१० ला महिंद्राने कंपनी घेतली. मामांनी नऊ वर्षं वापरली, त्यात दोनदा सगळ्या बॅटऱ्या बदलल्या, आणि विकताना रडले.

भोसरीवाला
वाचतोय कालपासून, लिहू की नको करत होतो. माझं वर्कशॉप आहे, २२ माणसं, आम्ही इंजिनचे पार्ट मशीनिंग करतो, मुख्यतः कनेक्टिंग रॉड (इंजिनात पिस्टनला खालच्या शाफ्टशी जोडणारा दांडा). एप्रिल २०२० ला बीएस-सहा, म्हणजे गाडीच्या धुराचा नवा नियम, आलं, चारवरून सरळ सहावर उडी, पाच मधे घेतलंच नाही. त्यासाठी कंपन्यांनी इंजिनांवर प्रचंड पैसा ओतला आणि खालच्या आम्हा सगळ्यांनाही ओतायला लावला, मी दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं) कर्जावर घेतल्या त्याचा हप्ता अजून चालू आहे. आता हा पैसा वसूल कशातून व्हायचा? पेट्रोलच्याच गाड्यांमधून. डायची (पार्ट ज्या साच्यात घडवतात त्याची) किंमत ठराविक नगांवर वाटलेली असते, तेवढे नग निघाल्याशिवाय कोणीच ते इंजिन बंद करणार नाही. २०२३ मध्ये माझ्याकडे नव्या पेट्रोल इंजिनच्या पार्टचं कोटेशन मागितलं तेव्हा आयुष्य सात-आठ वर्षांचं धरलेलं होतं. म्हणजे स्टेजवर भाषण कसलंही असो, कंपनीचं पार्टच्या ऑर्डरचं शेड्यूल काय बोलतं ते मला कळतं.

म्हणून कंपन्या हळू जातात हे मी डोळ्यांनी बघतोय. आणि हेही खरं की त्या हळू जाण्यावर माझ्याकडच्या २२ घरांच्या चुली पेटतात. मोटरमध्ये कनेक्टिंग रॉड नसतो. मोटर हाउसिंगसाठी (मोटरचं बाहेरचं कवच) दोन ठिकाणी सँपल दिलेत, एक पास झालं. बदलायची तयारी आहे माझी, फक्त कोणीतरी समोर बसवून खरी तारीख सांगावी.

चाकण_रात्रपाळी
भोसरीवाले दादा, तुमचं अगदी पटलं. पण मी बॅटरी पॅकच्या लाइनवर आहे, आमचीही बाजू ऐका. पॅकमधले बॅटरीचे सेल मुख्यतः चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरच्या चुंबकांना लागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा आमच्याकडे कॅलेंडरवर दिवस मोजत बसले होते सगळे. हे इथल्या कुठल्या कंपनीने मुद्दाम केलेलं नाही. आणि "कंपन्या" असं एका दावणीला बांधू नका. एप्रिल २०२७ पासून कॅफेचा तिसरा टप्पा येतोय, म्हणजे कंपनीच्या विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढून कार्बनची मर्यादा. त्यात लहान पेट्रोल गाड्यांना सवलत द्यायची का यावरून मारुती एकीकडे आणि टाटा, महिंद्रा दुसरीकडे अशी उघड जुंपली. ज्याने इलेक्ट्रिकवर पैसा लावलाय त्याला नियम कडक हवा, ज्याने नाही लावला त्याला सैल. अडवणूक बघायची असेल तर शोरूममध्ये नका बघू, या नियमाच्या मसुद्यावर हरकती कोण पाठवतं ते बघा.

स्टाव्हांगर
नॉर्वेतून. पोटापाण्याला तेलाच्या धंद्यात आहे आणि दारात इलेक्ट्रिक गाडी. आमच्या गल्लीत पेट्रोलची एकच उरलीये, एका आजोबांची. इथे २०२४ ला दर १० नव्या गाड्यांत जवळजवळ ९ इलेक्ट्रिक होत्या. ह्युंदाईने २०२३ पासून आणि फोक्सवागेनने २०२४ पासून इथे पेट्रोल-डिझेलच्या गाड्या विकणंच बंद केलं. याच कंपन्या दुसऱ्या देशांत म्हणतात की गिऱ्हाईक तयार नाही. नॉर्वेतला माणूस काही वेगळ्या मातीचा नाही, उलट इथे थंडीत रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) भारतापेक्षा कितीतरी जास्त घटते. फरक एवढाच की सरकारने नव्वदच्या दशकापासून इलेक्ट्रिकवरचा खरेदी कर काढला, २००१ पासून २५ टक्के व्हॅटही माफ केला (महागड्या गाड्यांवर तो २०२३ पासून काही प्रमाणात परत आला) आणि पेट्रोल गाडीवर भरमसाट कर ठेवला. जिथे पेट्रोल विकून परवडत नाही तिथे डेमो गाडी रोज चार्ज असते, मी स्वतः न सांगता जाऊन चालवून बघितली.

दुसरा_मजला
आमच्याकडे अडवणारी कंपनी नव्हती, सोसायटी होती. सात महिने, तीन मीटिंगा, "आग लागली तर?" शेवटी स्वतःच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत ४२ मीटर केबल स्वखर्चाने टाकली. आता तेच सेक्रेटरी विचारतात, केबल कुठली घेतली.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, भोसरीवाले दादा तुमची पोस्ट घरात मोठ्याने वाचून दाखवली. काउंटरवाला, तुमचं वाचून मी पहिल्या शोरूमला संध्याकाळी गेले आणि सेल्सला न विचारता गेटवरच्या काकांना विचारलं, इलेक्ट्रिक गाडीला वायर कोण लावतं. म्हणाले मीच लावतो, पण कोणी सांगतच नाही. शनिवारी सकाळी गाडी ९६ टक्के. सासूबाईंना घेऊन त्र्यंबकपर्यंत जाऊन आलो, येताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं की चालू आहे ना. सेल्सचा मुलगा मागे बसला होता, तो म्हणाला मॅडम मीही आज पहिल्यांदाच शहराबाहेर नेली.

बेस मॉडेलच हवं, डिलिव्हरीची तारीख लेखी द्या असं सांगून आलेय. अजून फोन नाही. आला की इथेच लिहिते. आणि वर्कशॉपला काम करणारं कोणी असेल तर लिहा ना, ते हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग किती दिवसांचं असतं आणि एका शोरूममधून किती जणांना पाठवतात?