जायकवाडीसाठी सोडलेलं पाणी आमच्या चारीला का पोचत नाही?

टेलचा शेतकरी, परभणी:
आमची जमीन पैठणच्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याच्या पार टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. धरण कमी भरलं की नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हे भांडण ठरलेलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला, पण आमच्या चारीला (कालव्यातून शेताकडे येणाऱ्या पाटाला) ओल दिसली नाही. ६५ टक्क्यांचा नियम नेमका काय? आणि कालव्याला पाणी असूनही आम्ही कोरडे का?

निफाडकर:
दादा, पाणी द्यायला आमची ना नाही. पण ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी होते, तिथून पुढे बागेला पाणी लागतंच. वरची धरणं भरत आली आणि नदी वाहती आहे तेव्हाच खाली सोडा ना! पात्र कोरडं पडल्यावर सोडलेलं पाणी वाळू पिते. त्यात नुकसान तुमचंही आणि आमचंही.

जुना कालवा निरीक्षक:
निफाडकरांचं बरोबर आहे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात एकाच नदीखोऱ्यातल्या धरणांनी टंचाई वाटून घ्यावी असं तत्त्व आहे. गोदावरीच्या पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून २०१४ ला या प्राधिकरणाचा आदेश निघाला: १५ ऑक्टोबरला, खरिपाचा वापर धरून, जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरून सोडायचं. एकूण उपयुक्त साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यावरून हिशेब करा.

पण भाऊ, तुमचं दुखणं पैठणच्या खालचं आहे. कालव्याच्या मुखाशी, म्हणजे सुरुवातीला, ऊस असतो, तिथले दरवाजे रात्रीही उघडे राहतात. पाण्याची पाळी हेक्टरवर दिली की कुणी किती घेतलं ते कळतच नाही. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पात ओझरची गावंही टेललाच होती. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथं पाणीवापर संस्था उभ्या केल्या, पाणी घनमीटरवर मोजून घेतलं. मोजून मिळालं की कोणतं पीक घ्यायचं ते संस्था ठरवते, आणि वाचवलेल्या पाण्याला किंमत येते.

टेलचा शेतकरी, परभणी:
आमच्या चारीवर संस्था आहे, पण कागदावरच. वरच्या शेतकऱ्यांना मोजणी नको आहे. सुरुवात कुठून करू?

जुना कालवा निरीक्षक:
चारीच्या मुखाशी प्रवाहमापी बसवून द्या, असा ठराव करून शाखा अभियंत्याकडे द्या, पोच घ्या. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी तुमच्या आमदारांना तो दाखवा. आणि पहिली पाळी टेलपासून वर घ्यायची, हे आवर्तन (कालव्याला ठरावीक मुदतीसाठी सोडलेलं पाणी) सुटण्याआधीच लेखी ठरवून घ्या. पाणी आल्यावर कुणी ऐकत नाही.