बावीस नंबरची फ्लॉपी: जुने अ‍ॅडव्हेंचर गेम आणि तुम्ही

माळा आवरताना परवा एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेली जुनी सीडी सापडली. घरात आता ती लावायला ड्राइव्हच नाही, म्हणून तिच्यावरची 'ग्रिम फँडँगो'ची जाहिरात यूट्यूबवर शोधली. बघता बघता संपली की! माझ्या डोक्यात ती चांगली पाच-सात मिनिटांची होती. १९९८ च्या आमच्या मशीनवर अडखळत चालायची, त्यामुळे लांबली असणार. सांगाड्यांची दुनिया, आणि मेलेल्यांना पुढच्या प्रवासाची पॅकेजं विकणारा मॅनी नावाचा एजंट. गेम काही तेव्हा मिळाला नाही. पण जाहिरात इतक्यांदा पाहिली की गोष्ट मीच मनात रचून टाकली. २०१५ मध्ये गेम नव्याने आला तेव्हा लगेच घेतला. सुरेखच आहे, पण माझी गोष्ट त्यात नव्हती.

तर ठाणे-नवी मुंबईकरांनो, लिहा. कुठला गेम, कुणाच्या घरी आणि मुख्य म्हणजे कुठे अडकला होतात? ('प्रिन्स ऑफ पर्शिया' आणि 'डेंजरस डेव्ह' पुन्हा कधीतरी. इथे उड्या मारणारे नकोत, डोकं खाजवायला लावणारे हवेत.)

वाशीहून:
'सीक्रेट ऑफ मंकी आयलंड', १९९०. दादाच्या मित्राने कॉपी करून दिलेल्या फ्लॉप्या, वर स्केचपेनने घातलेले आकडे. जंगलात एक झाडाचा बुंधा आहे. तो नीट पाहिला की हीरो खूश होतो, आत भुयारं आहेत म्हणतो, आणि लगेच सूचना येते: २२ नंबरची डिस्क घाला. मग ३६. मग ११४! मी रडकुंडीला. सायकल काढली आणि थेट त्या मित्राच्या दारात: "बाकीच्या कधी देणार?" तो शांतपणे म्हणाला, "असतील कुठेतरी, बघतो." त्यालाही माहीत नव्हतं हो! बिचारा महिनाभर शोधत होता. हा गेमवाल्यांचाच चावटपणा, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तिकडे रोख पैसे मोजलेल्या लोकांनीही हेल्पलाइनवर फोन केले आणि पुढे सीडीवर गेम आला तेव्हा तो विनोद काढून टाकला. आमची तक्रार फुकटच्या मालाबद्दल होती, हा भाग वेगळा.

कळव्याहून:
त्याच गेममध्ये दारूच्या गुत्त्यात एक चाचा बसलेला असतो, छातीवर बिल्ला: 'मला लूमबद्दल विचारा'. दुसरं काहीही विचारा, नुसता हुंकार. लूमचं नाव काढलं की सेल्समनसारखा सुटतो! 'लूम' हा त्याच कंपनीचा, त्याच वर्षीचा गेम. म्हणजे जाहिरात चक्क गेमच्या पोटात. मला वाटलं, यातच काहीतरी गुपित असणार, म्हणून चार वेळा ऐकली.

नौपाड्यातून:
माझा त्याहून जुना, १९८४ चा 'किंग्ज क्वेस्ट'. मी खेळले बऱ्याच उशिरा, कॉम्प्युटर क्लासच्या जुन्या मशीनवर. बाणांनी सर ग्रॅहॅमला चालवायचं आणि काय करायचं ते इंग्रजीत टाइप करायचं. मी मराठी माध्यमातली. शेजारी डिक्शनरी घेऊन बसायचे. दगड ढकल म्हणून लिहिलं. चुकीच्या बाजूला उभी होते, तर तो अंगावरच आला. मेले.

पण खरा छळ त्या बुटक्याने केला. तो म्हणतो, माझं नाव ओळख. एक चिठ्ठी मिळते: कधी कधी उलटा विचार करणं शहाणपणाचं. उत्तर आहे 'रम्पलस्टिल्टस्किन', परदेशी परीकथेतला असाच नाव ओळखायला लावणारा बुटका. आम्ही आवडती-नावडतीच्या गोष्टींवर वाढलेली पोरं, आम्हाला हा कोण कुठला माहीत असणार? आमच्या वाड्यात कॉन्व्हेंटमधली एक ताई होती, तिने ती गोष्ट सांगितली. नाव उलटं लिहून पाहिलं, तरी चालेना. शेवटी तिनेच किराणाच्या यादीमागे ए टू झेड लिहिलं, त्याखाली झेड टू ए, आणि एकेक अक्षर बदलत गेली. जे तयार झालं त्याचा उच्चार अजून कुणाला जमलेला नाही. तिने बघून बघून टाइप केलं, मी डोळे मिटून घेतले होते. बरोबर निघालं! रॉबर्टा विल्यम्स बाई, हे कोडं रचताना दया नाही आली?

ऐरोलीहून:
'ब्रोकन स्वोर्ड'मधली बकरी. ज्यांनी खेळलाय त्यांना एवढं पुरे. ती शिंगांनी पाडते आणि पडल्यापडल्याच लगेच पुढची क्लिक करायची असते. तीन आठवड्यांनी जमलं आणि लोडशेडिंगची वेळ झाली. सेव्ह केलं नव्हतं. ता. क. हे गेम आता स्कमव्हीएमवर (जुने गेम नव्या मशीनवर चालवणारा फुकटचा प्रोग्रॅम) चालतात.

नेरूळहून:
आमच्याकडे 'मिस्ट'. माणूस ना काणूस, नुसतं बेट आणि वाऱ्याचा आवाज. त्यातल्या रॉकेटमध्ये एक पियानो आहे. लायब्ररीतल्या पुस्तकात पाच सुरांची खूण मिळते, ते पाच सूर समोरच्या दांड्या सरकवून तंतोतंत लावायचे. मी आणि बाबा पंधरा दिवस अंदाजपंचे सरकवत होतो. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. एकदा पिठाच्या हातांनी बाहेर आली, म्हणाली, "तिसरा उतरलाय. किंचित वर घे. अंहं, एवढा नको." लग्नाआधी ती पेटी शिकली होती, हे मला त्या दिवशी कळलं. पाचही सूर तिने उभ्याउभ्या लावून घेतले. माउसला हात लावला नाही, पीठ होतं ना.

सीडीवर गेम कसा बनवला त्याचा व्हिडिओही होता. रँड आणि रॉबिन मिलर हे दोघे भाऊ. गेममधल्या माणसांची कामंही त्यांनीच केली. आईला गेमपेक्षा तो आवडला. मी आणि धाकटा माउसवरून भांडायला लागलो की ती तोच लावायला सांगायची.