मदत हवी आहे: कॉपीराइटवर सरकारने सूचना मागवल्यात, छोट्या ट्रस्टने लिहावं का?

आमचा नौपाड्यात (ठाणे) छोटा नोंदणीकृत ट्रस्ट आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. स्टुडिओ वगैरे काही नाही. एका विश्वस्तांच्या फ्लॅटमधली आतली खोली, पंखा बंद, खिडकीला गोधडी, आणि खाली रिक्षाने हॉर्न मारला की वाक्य पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं चालतं कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ५२(१)(झेडबी) च्या जोरावर. प्रकाशकाच्या परवानगीशिवाय दिव्यांगांसाठी प्रत काढता येते. नफा घ्यायचा नाही, फार तर निर्मितीखर्च, आणि प्रत भलत्या हाती जाणार नाही हे बघायचं.

आता डीपीआयआयटीने (केंद्राचा उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभाग, कॉपीराइट त्यांच्याकडेच येतं) जनरेटिव्ह एआय आणि कॉपीराइटवर कार्यपत्रिका काढली आहे. कायदेशीररीत्या मिळालेलं साहित्य एआयच्या प्रशिक्षणाला वापरू द्यायचं, हक्कधारकाला नकार देता येणार नाही, मोबदला मात्र मिळेल, असा प्रस्ताव आहे. आमच्या रेकॉर्डिंगचं यात काय होणार? ती केवळ विद्यार्थ्यांसाठी आहेत, असं आम्ही वाचक स्वयंसेवकांना सांगत आलोय.

मला वाटतं, लिहावं. खजिनदार काका म्हणतात, "आपण पुस्तकं वाचावीत. उद्या कोणी धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार केली की हे राजकारण करतात, तर निस्तरणार कोण?" सरकारनेच विचारल्यावर उत्तर देणं हे राजकारण कसं, ते मला कळत नाही. पण काकांना उडवूनही लावता येत नाही, हिशेब तेच सांभाळतात! कोणी असं पत्र पाठवलंय का? ट्रस्टच्या नावाने की वैयक्तिक?

प्रतिसाद १:
लिहाच. तुमचं हे कलम २०१२ च्या दुरुस्तीआधीच्या मूळ २०१० च्या विधेयकात फारच तोकडं होतं, खास दिव्यांगांसाठीच बनलेल्या, म्हणजे ब्रेलसारख्या स्वरूपापुरतं. दिव्यांगांच्या संघटनांनी संसदीय स्थायी समितीपुढे बाजू मांडली, तेव्हा कुठे कायद्यात कोणतंही सुलभ स्वरूप आलं. त्या गप्प बसल्या असत्या तर तुमचं रेकॉर्डिंग आज अडचणीत असतं.

प्रतिसाद २:
ट्रस्टच्याच लेटरहेडवर पाठवा, पण आधी विश्वस्त मंडळाचा ठराव करा. पत्रात ट्रस्टच्या घटनेतला उद्देश उद्धृत करा आणि तेवढ्यापुरतंच बोला. एआय चांगलं की वाईट यात शिरू नका. पक्षाचा, नेत्याचा उल्लेख नको. एक पान पुरे.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. २०१० चा मुद्दा काकांना पटेलसं वाटतंय. अशा ठरावाचा मसुदा कोणाकडे असल्यास इथे डकवा, रविवारी बैठक आहे.