बर्फातली श्रीमंती जवळून पाहिलीय का?

स्वित्झर्लंडमधलं सेंट मोरिट्झ आणि झरमाट, फ्रान्समधलं कुर्शवेल, अमेरिकेतलं ॲस्पेन. बड्या मंडळींची हिवाळी सुट्टी बहुतेकांनी फोटोतच पाहिलेली असते. पण पाहुणे, नोकर किंवा नुसते बघे म्हणून कुणी तिथे जाऊन आलं असेल तर लिहा. स्कीइंग येण्याची अट नाही. मलाही येत नाही.

*

फेब्रुवारीत सेंट मोरिट्झला गेलो होतो. मुक्काम अर्थात खालच्या स्वस्त गावात. गोठलेल्या तळ्यावर 'व्हाइट टर्फ' या घोड्यांच्या शर्यती चालू होत्या, १९०७ पासूनच्या. एका शर्यतीत घोड्यावर स्वारच नाही! मागे स्की लावलेला माणूस, हातात लगाम आणि तोंडावर उडणारा बर्फ. फरकोटातल्या बायकासुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या. तिथे एक गोष्ट हमखास ऐकवतात: १८६४ साली बाडरुट नावाच्या हॉटेलवाल्याने उन्हाळी इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली, हिवाळ्यात येऊन बघा, नाही आवडलं तर येण्याजाण्याचा खर्च माझा. पाहुणे आले ते वसंतापर्यंत हललेच नाहीत म्हणे.

*

मी कुर्शवेलला एक मोसम शॅलेत, म्हणजे पाहुण्यांच्या डोंगरी बंगल्यात, राबले. गावाच्या नावातला '१८५०' हा उंचीचा आकडा, पण खरी उंची त्याहून शंभरेक मीटर कमी. इथे बर्फसुद्धा थोडा फुगवून विकतात! विमानाची धावपट्टी जेमतेम ५३७ मीटर, तीही चढावर. विमान डोंगरात घुसतंय असंच वाटतं. सकाळी पाहुण्यांचे बूट गरम करून ठेवायचे, पायात चढवायचे, बकलं लावायची. दाराबाहेर लगेच उतार. तीन खोऱ्यांत मिळून ६०० किलोमीटरचे उतार जोडलेले आहेत, पण आमची मंडळी दोन तास घसरायची आणि तीन तास जेवायची. आम्ही चौघी तळघरातल्या एका खोलीत. सुट्टीच्या दिवशी मात्र ते सहाशे किलोमीटर आमचे.

*

झरमाटमध्ये पेट्रोलच्या गाड्यांना बंदी. कितीही मोठी गाडी असो, खाली टेशला ठेवायची आणि रेल्वेने वर यायचं. तीन दिवस मॅटरहॉर्न, म्हणजे तिथलं प्रसिद्ध शिखर, ढगात होता. पंचतारांकित खिडक्यांनाही दिसला नाही, याचं जरा समाधान वाटलं.

*

ॲस्पेन मूळचं चांदीच्या खाणींचं गाव, १८९३ मध्ये चांदी कोसळली तशी ओस पडलेलं. आता तिथली घरं घेणं डॉक्टरांनाही जड जातं, असं बसमध्ये शेजारी बसलेली नर्स सांगत होती. ती स्वतः बरीच खाली राहायची, रोज बसने वर.

*

ॲस्पेनला निदान बस तरी जाते. मोंटानातल्या यलोस्टोन क्लबचा डोंगर फक्त सभासदांचा. मी तो शेजारच्या बिग स्काय या स्की रिसॉर्टच्या लिफ्टमधून, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यातून, पाहिला. पलीकडे कोरा उतार, चिटपाखरू नाही. आमच्या लिफ्टला वीस मिनिटांची रांग.

*

माझा अनुभव छोटा. शिकाऊ उतारावर माझ्याबरोबर एक गृहस्थ होते, अंगावर माझ्या अख्ख्या सहलीच्या खर्चाचं जाकीट. दोघेही सारखेच आपटत होतो. चार वर्षांची पोरं आमच्यामधून सुळकन निघून जायची.