एएमएच ८.२, वय १९: पीसीओएस धरायचं का?

सिडकोकर:
धाकट्या बहिणीचा रिपोर्ट आलाय. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली, हल्ली ५०-५५ दिवसांनी येते. टोटल टेस्टोस्टेरॉन ५८ नॅनोग्रॅम/डेसिलिटर, एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) २२ नॅनोमोल/लिटर, एलएच-एफएसएच (मेंदूकडून अंडाशयाला जाणारी दोन हार्मोन्स) गुणोत्तर २.४, एएमएच (अंडाशयातल्या बीजकोशांतून येणारं हार्मोन) ८.२. टेस्टोस्टेरॉनपुढे 'नॉर्मल' छापलंय, पण एएमएच बघून सगळे पीसीओएस (पाळी लांबवणारा हार्मोनचा विकार) म्हणतात.

गोदाकाठ:
एएमएच बाजूला ठेवा. पीसीओएसच्या २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्याला सोनोग्राफीचा पर्याय मानलंय, ते फक्त प्रौढ स्त्रियांसाठी. पाळी सुरू होऊन ८ वर्षं होईपर्यंत दोन्ही धरत नाहीत. त्या वयात बीजकोश एरवीही भरपूर असतात. बहिणीची सहाच वर्षं झालीत. एलएच-एफएसएच गुणोत्तर तर निकषांत नाहीच.

बघायचा आकडा एसएचबीजीचा. इन्शुलिन वाढलं की यकृत हे प्रथिन कमी बनवतं, मग टोटल 'नॉर्मल' असूनही मोकळं, म्हणजे प्रथिनाला न बांधलेलं, टेस्टोस्टेरॉन वाढतं. हिशोब करा: ५८ × ०.०३४७ (एकक बदलायला) = २.०१ नॅनोमोल/लिटर, भागिले एसएचबीजी २२, गुणिले १०० म्हणजे ९.१. हा फ्री अँड्रोजन इंडेक्स. साधारण ५च्या वर जास्त धरतात, मर्यादा लॅबनुसार थोडी बदलते. पाळी ३५ दिवसांपलीकडे आणि अँड्रोजन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स) जास्त, दोन निकष जुळतात. पण त्याआधी दुसरी कारणं वगळावी लागतात. टीएसएच (थायरॉईडसाठी), प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या दोषासाठी) झालंय?

सिडकोकर:
फक्त टीएसएच. केस गळतात म्हणून बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) १० मिलिग्रॅम रोज चालू आहे, त्याने काही होतं का?

पंचवटी_लॅबटेक:
होतं, आणि इथे ते फार महत्त्वाचं आहे. बऱ्याच मशिनांवरची तपासणी बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनच्या, म्हणजे एकमेकांना घट्ट चिकटणाऱ्या रेणूंच्या, जोडीवर चालते. तिथे रक्तात जादा बायोटिन असलं की टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं दिसतं, एसएचबीजी आणि टीएसएच खोटे कमी. म्हणजे तो ९.१ दोन्हीकडून फुगलेला असू शकतो. गोळी निदान ३ दिवस बंद ठेवून तिन्ही पुन्हा करा. टेस्टोस्टेरॉन शक्यतो एलसी-एमएस (रेणूच्या वजनावरून मोजणाऱ्या) पद्धतीने मागा; बायकांमधली कमी पातळी नेहमीच्या पद्धतीत नीट पकडली जात नाही. नाशकात कॉलेज रोड, गंगापूर रोडला सॅम्पल देताना एवढंच विचारा: कुठल्या पद्धतीने करता, आणि बाहेरगावी पाठवता का?

१७-ओएचला सकाळी लवकर, पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी. प्रोलॅक्टिन मात्र उठल्याउठल्या नको, दोन तास जाऊ द्या.

गोदाकाठ:
आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर अँड्रोजनचे आकडे धरता येत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने ३ महिने थांबून मग तपासा. फास्टिंग इन्शुलिनवर पैसे घालवू नका. त्याऐवजी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन उपाशीपोटीची आणि दोन तासांनंतरची साखर बघा.